अकरा खटके

‘त्यात काय एवढं?’ हे तीन शब्द माझ्यासमोर कुणी बोलू नयेत. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सून नवीन होती तेव्हा एकदा आमटीत मीठ जास्त पडलं, आणि ती बिचारी सहज हे बोलून गेली. माझा आवाज ऐकून ओट्यावरची मांजर पळाली. नंतर मलाच लाज वाटली. पण हे शब्द मी पहिल्यांदा ज्या माणसाच्या तोंडून ऐकले, त्याने उभ्या जन्मात केसाएवढी चूक कुणाची चालवून घेतली नव्हती. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. अप्पा आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यातून मूर्ती कुणीही काढेल, घासकाम कुणीही करेल, पितांबर रंगवायला चार दिवसांत कुणालाही शिकवता येतं. डोळ्यांना मात्र एकच माणूस लागतो, आणि तो शिंकला तरी सगळा कारखाना गप्प होतो. अप्पा आखणीला बसले की आई चहाचा कप जमिनीवर न वाजवता ठेवायची. एकदा मुंबईचा टेम्पो भरून तयार, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि अप्पांनी मोठी मूर्ती पुन्हा खाली उतरवायला लावली. डावी पापणी केसभर खाली आली होती. गिऱ्हाईक म्हणालं, अहो दीड दिवसाचा तर गणपती आहे. अप्पा म्हणाले, “दीड दिवस तुमची पोरंबाळं त्याच्या डोळ्यांत बघणार ना? मग?” टेम्पो दोन तास थांबला.

मी चौदाव्या वर्षी ब्रश धरला. हात चांगला होता माझा, हे मी आज कुणाचीही भीड न ठेवता सांगते. पण मी डोळा काढायचा आणि अप्पांनी मागून येऊन त्यावर आपला ब्रश फिरवायचा, हे ठरलेलं. कधी चुकलेला असायचा, मान्य. पण बरोबर असला तरी फिरवायचे. बाहुलीला एक ठिपका, पापणीला एक रेघ. “सुधारला,” म्हणायचे आणि पुढच्या पाटाकडे वळायचे. सहा वर्षांत शेकडो मूर्ती माझ्या हातून गेल्या असतील, पण हे डोळे माझे, असं बोट दाखवून सांगावं अशी एकही नाही. आईकडे कुरकुरले की ती म्हणायची, “जाऊ दे गो, बापच तो.” बाप आहे म्हणूनच तर राग येत होता. परक्याचा हात मी झटकला असता.

माझा दादा या सगळ्यातून बारावी झाल्याबरोबर सुटला. डोलवीला कंपनीत लागला, शिफ्टला जायला लागला. अप्पा एक दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याच्यासाठी नवा डबा घेऊन आले. त्याला कुणी सांगितलं नाही की आधी काहीतरी जिंकून दाखव, मग जा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉलेजात मी एनसीसीत होते. तिथल्या शिबिरात रोह्याचे एक निवृत्त हवालदार आम्हाला नेमबाजी शिकवायला यायचे. मूळ गाव त्यांचं तिथून जवळच, खांबकडचं, बोलणं रांगडं, मिशी पांढरी. त्यांनी माझे पहिले पाच छर्रे बघितले आणि विचारलं, “पोरी, घरी काय काम करतेस?” मी सांगितलं, गणपतीचे डोळे काढते. ते म्हणाले, “मग व्हय. रविवारी रोह्याला ये.”

रोह्यात एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत त्यांनी नेमबाजीचा वर्ग काढला होता. दर रविवारी सकाळची एसटी पकडून मी जायची. वडखळला गाडी थांबे, आमच्या ओळखीचं कुणी ना कुणी हमखास चढे आणि विचारी, एकटीच कुठं गो? मी सांगायची, बंदूक मारायला. पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

गिरणीत छर्ऱ्याच्या दोन रायफली होत्या, आणि दोन्हींवर पीप साइट. साध्या बंदुकीवर मागे खाच असते. खाच, पुढचं टोक आणि निशाण अशा तिघांशी डोळ्याला झगडावं लागतं. पीप साइटला खाच नाही. मागे, अगदी डोळ्याजवळ, एक काळी चकती आणि तिच्यात सुईच्या नेढ्याहून थोडं मोठं भोक. पुढे नळीच्या तोंडाशी एक कडं. भोकातून बघायचं, कडं मधोमध दिसतं, आणि कड्याच्या आत दहा मीटरवरचा काळा गोल. हवालदार ओरडायचे, “भोकाकडं बघायचं नाय! भोकातनं बघायचं! डोळा आपला आपण मध्ये येतो, त्याला शिकवू नकोस.” डोळ्याला शिकवू नकोस, असं मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. मी रडायचीच बाकी होते.

आणि खरं कारण सांगू का, मी त्या रायफलीच्या प्रेमात का पडले? छर्रा एकदा सुटला की त्यावर मागून कुणी ब्रश फिरवू शकत नाही. लागला तर माझा, चुकला तर माझा. कागदावरचं भोक कुणी सुधारू शकत नाही.

माझ्या वाटची रायफल जुनी होती. कधीतरी पडून तिचं पुढचं कडं किंचित कलंडलं होतं, त्यामुळे ती उजवीकडे मारायची. त्यावर उपाय पीप साइटमध्येच असतो. चकतीच्या बाजूला एक बटण असतं, ते फिरवलं की चकती कणाकणाने सरकते, आणि दर वेळी बोटाला खटका लागतो. टक, टक, टक. हवालदारांनी आणि मी दोन रविवार घालवून माझं गणित बसवलं होतं. मधल्या खुणेपासून डावीकडे अकरा खटके. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. अकरा खटके सरकवल्यावर चकती नळीच्या रेषेपासून जराशी डावीकडे उभी राहायची. पाव सूत. ज्याला माहीत नाही त्याला दिसणारही नाही, एवढंच.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला निवड चाचणी होती. जिल्ह्यातल्या मुलींमधून दोघी घेणार होते. निवड झाली की पुण्याला वर्षभराचं प्रशिक्षण, राहण्याजेवणाची सोय, आणि पुढे खेळाडू म्हणून पोलिसांत भरती व्हायची वाट. वयात बसण्याचं माझं ते शेवटचं वर्ष. मी अप्पांना विचारलं. त्यांनी हातातला ब्रश धुऊन ठेवला. मग म्हणाले, “निवड झाली तर जा. नाही झाली तर माघी गणपतीपासून आखणीला बसायचं, पुन्हा रोह्याचं नाव काढायचं नाही. शब्द?” मी म्हटलं, शब्द. मला खात्री होती. सरावात माझे दहातले आठ छर्रे मधल्या ठिपक्यात जात होते.

हवालदारांनी विश्वासाने रायफल आठ दिवसांसाठी माझ्या हवाली केली. गणपती होऊन गेलेले, कारखाना रिकामा, लांबी दहा मीटरहून जास्त. समोर तुसाचं पोतं लावून मी रोज सकाळी सराव करायची. अप्पा दाराशी उभे राहून बघायचे. बोलायचे नाहीत, पण बघायचे. मला वाटायचं, चला, बघतायत तरी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. हत्यारं म्हणजे ब्रश, कोरण्या, रंगाच्या वाट्या, फवाऱ्याचा पंप. आदल्या संध्याकाळी अप्पा एकेक वस्तू पुसून पाटावर मांडायचे. एकदा मांडलं की दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी मी रायफलीची पेटी नेऊन, झाकण उघडून, अप्पांच्या ब्रशांशेजारी ठेवली. मीच ठेवली. माझंही एक हत्यार त्या रांगेत असावं, त्यालाही हळदकुंकू लागावं, एवढीच हौस. अप्पा म्हणाले, “ठेव. पुसून घेतो.” मला केवढा आनंद झाला होता! आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दसऱ्याला पूजा उचलली. रायफलीला गंध, नळीवर अक्षता, झेंडूचं फूल. भोकात गंध गेलं नाही ना ते मी बघितलं. नव्हतं गेलं. पेटी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

आता माझी चूक, तीही सांगते. हवालदारांचा नियम होता, रायफल हातात घेतली की आधी बटण मधल्या खुणेवर न्यायचं आणि तिथून खटके मोजत आपल्या जागी यायचं. मी मोजले नाहीत. पूजेतून उचललेली वस्तू, तिला कोण हात लावणार? आणि नशीब बघा, त्या दिवशी चाचणी घेणारे पाहुणे साहेब उशिरा आले, मुली अपेक्षेपेक्षा जास्त आल्या, म्हणून सरावाचे छर्रे रद्द. थेट वीस छर्रे, दोन कागद, आणि दोन्ही कागद शेवटीच बघायचे.

मी आडवी झाले. म्हणजे काय सांगू, तसा नेम माझा कधीच लागला नव्हता. श्वास आपोआप थांबत होता, कडं आणि काळा गोल एकमेकांत असे बसत होते की बोटानं नाही, गोलानेच घोडा ओढला असं वाटावं. काळ्यात पडलेलं भोक दहा मीटरवरून दिसत नाही, त्यामुळे कुठे लागतंय ते कळायला मार्ग नव्हता. कळायची गरजही वाटली नाही. वीस छर्रे संपवून मी उठले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

कागद आणले. दोन्ही कागदांवर दहा-दहा छर्ऱ्यांनी एकच भोक पाडलं होतं. झाकायला चार आण्याचं नाणं पुरलं असतं. आणि ते भोक मध्यापासून बोटाच्या रुंदीएवढं उजवीकडे. गुण मोजणारे साहेब पेन्सिलीने एकेक वर्तुळ मोजत गेले. सहा, सहा, सहा, सात, सहा. एका जागी वीस लागले याला गुण नसतात, कुठे लागले याला असतात. यादीत मी नववी.

हवालदारांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि रायफल घेऊन बटण मधल्या खुणेवर न्यायला गेले. एकही खटका द्यावा लागला नाही. चकती मधल्या खुणेवरच होती. “अकरा कुठं गेलं?” ते म्हणाले. “तू फिरवलंस?” मी म्हटलं, नाय. त्यांनी साहेबांना सांगून बघितलं, हातही जोडले. साहेब म्हणाले, आपलं हत्यार आपण तपासायचं असतं. खोटं बोलले नाहीत, मेले.

परतीच्या एसटीत मी सगळ्यांवर संशय घेतला. दादावर घेतला, त्याला मस्करीची सवय. निवड झालेल्या दोघींवर घेतला, ज्यांनी माझ्या पेटीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. अप्पांवर नाही घेतला. खोटं का सांगू, घेतला. वाटलं, मला घरी बसवायला केलं असेल. आणि लगेच वाटलं, नाही, अप्पा असं लबाडीनं करणार नाहीत. तेवढं मी माझ्या बापाला ओळखते.

अप्पा ओटीवरच वाट बघत होते. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, “काय बाय, कशी झाली? तुझी ती चकती जरा तिरळी बसली होती गो. मी पुसताना सरळ करून ठेवली. अगदी मधोमध.”

चेहरा हसरा होता हो! गिऱ्हाइकाला मूर्ती दाखवताना असायचा तसा. पाव सूत. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला ते दिसलं नसतं. वाण्याला दिसलं नसतं, मास्तरला दिसलं नसतं, बंदूकवाल्यालासुद्धा फूटपट्टी लावावी लागली असती. पण आमच्या घरात पेणचा आखणीवाला! डोळा तिरळा दिसला आणि त्यांच्यानं राहवलं नाही. सुधारला.

मी कागद त्यांच्यापुढे टाकला. म्हटलं, बघा. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाले, “हात स्थिर आहे तुझा. नजर चुकली.”

“नजर माझी नव्हती चुकली!” मी एवढ्या जोरात ओरडले की आई आतून धावत आली. “अकरा खटके होते ते! ती तिरळी असते म्हणूनच सरळ मारते! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?”

आणि तेव्हा अप्पा म्हणाले, “पाव सूत तर सरकवलं. त्यात काय एवढं?”

पाव सूत! ज्यांनी केसभर पापणीसाठी मुंबईचा टेम्पो दोन तास उभा ठेवला, ते मला म्हणतात, त्यात काय एवढं! मी म्हटलं, “हेच त्या टेम्पोवाल्याला का नाही सांगितलंत?” ते चष्मा काढून पुसायला लागले. मी म्हटलं, “माझ्या एका तरी डोळ्याला तुम्ही हात न लावता राहिलात का? सहा वर्षं? मूर्तीवर फिरवलात, आता बंदुकीवरही फिरवलात!” आई म्हणत होती, पुरे गो, पुरे. पण मला पुरे होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांना समोर उभं करून मी खटके मोजले. मोठ्याने. एक, दोन, तीन, अकरापर्यंत. मग पाच छर्रे मारले. पाचही ठिपक्यात. अप्पांनी पोत्याजवळ जाऊन कागद बघितला, परत येऊन चकतीकडे वाकून बघितलं, आणि म्हणाले, “लागतंय बरोबर. पण दिसते तिरळीच.” मी रायफल पेटीत ठेवली, नाहीतर त्या क्षणी काय केलं असतं ते देव जाणे.

हवालदार स्वतः पेणला आले. चहा झाला, पोहे झाले. म्हणाले, “पोरीचा दोष नाय. मी पुण्याला लिहून बघतो, तुम्ही नाय म्हणू नका.” अप्पा म्हणाले, “शब्द ठरला होता. निवड झाली तर.” मी विचारलं, “आणि दादाचा काय शब्द ठरला होता?” दादा तेव्हा सेकंड शिफ्टला निघाला होता, डबा घेऊन मान खाली घालून गेला. हवालदार रायफलीची पेटी काखेत मारून उठले. दारात थांबून मला म्हणाले, “मोजून घ्यायचं होतंस पोरी.” त्यांचंही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर होतं. पुण्याला तेवढी मी गेले नाही.

शब्दाप्रमाणे मी माघी गणपतीपासून आखणीला बसले. पण बसायच्या आधी कारखान्यातल्या चार माणसांसमोर सांगितलं, की मी काढलेल्या डोळ्याला कुणाचा ब्रश लागला, तर ती मूर्ती मी तिथेच पाण्यात घालीन आणि पुन्हा पाटावर बसणार नाही. माणसं अप्पांकडे बघायला लागली. अप्पा उठून बाहेर पडवीत गेले. त्या हंगामात मी दीडशेच्या वर मूर्ती केल्या. अप्पा मागून यायचे, माझ्या खांद्यावरून बघायचे, त्यांच्या बोटांची चाळवाचाळव मला न बघता कळायची. हात लावला नाही. दोनतीन डोळे खरंच चुकले होते, तेही तसेच गेले. एक तर चांगलाच तिरळा गेला. मी जाऊ दिला. कसला सूड घेतेस गो मूर्तीवर, आई म्हणाली. मी म्हटलं, सूडच म्हण.

पुढची खंडेनवमी आली. अप्पांनी पाट मांडला, ब्रश पुसले, कोरण्या पुसल्या. माझा आखणीचा ब्रश मी मुद्दाम वेगळा, स्वयंपाकघरात माझ्या डब्यात ठेवला होता. अप्पा हातात फडकं घेऊन त्या डब्याशी येऊन उभे राहिले. मी भाताचं आधण बघत होते, वळले नाही.

“बाय,” ते म्हणाले, “पुसायला घेऊ का? हात लावला तर चालेल?”

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं. वर्षभर उशिरा. एवढंच एक वाक्य गेल्या खंडेनवमीला, त्या उघड्या पेटीसमोर बोलले असते, तर मी त्या घटकेला पुण्यात असते.

“लावा,” मी म्हटलं. “त्याला खटके नसतात.”